कोरड्या गिअर हेडची तक्रार

दि. २८ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ५२ सीसी ग्रास कटरचे गिअर हेड वॉरंटीत बदलून मिळणे व मजुरीची भरपाई

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून मोहोळ तालुक्यात (जि. सोलापूर) आमच्या मळ्यातल्या घरी राहते. आपल्या कंपनीचा ग्रास कटर मी २२ फेब्रुवारी २०२५ रोजी मोहोळमधल्या दुकानातून १४,५०० रुपयांना घेतला. बिलाची व वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

घराभोवतीचा अर्धा एकर सात-आठ वर्षे पडीक होता. आमच्या भागात रान पडीक ठेवले की वेडी बाभूळ घुसते. ती वरवर तोडली तर बुडख्यातून पुन्हा चार फोक काढते, म्हणून बुडखाच खणून काढावा लागतो. पण फुटवे आणि वाळके गवत आधी साफ केल्याशिवाय काट्यांतून खणणाऱ्याचा हात बुडख्यापर्यंत जात नाही. मशीन घेतले ते एवढ्यासाठी. अंगठ्यापेक्षा जाड फांद्या आम्ही कोयत्याने आणि कुऱ्हाडीनेच तोडल्या, मशीनला फक्त गवत आणि गेल्या वर्षीचे कोवळे फुटवे दिले. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या सर्व्हिस सेंटरने पहिला आरोप ‘झाडे तोडली’ हाच केला.

मशीन माझा पुतण्या चालवत होता. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल आपल्या पुस्तिकेप्रमाणे लिटरला ४० मिली मोजून घातले. तिसऱ्या दिवशी, सगळे मिळून सात-आठ तास चालल्यावर, खाली पात्याजवळ करकर आवाज आला आणि पाते थांबले. इंजिन चालू, पाते बंद. गिअर हेडला, म्हणजे पाते फिरवणाऱ्या दोन दातेरी चाकांच्या डबीला, हात लावला तर चटका बसला.

दुसऱ्याच दिवशी मशीन जसेच्या तसे दुकानात नेले. दुकानातल्या मेकॅनिकने माझ्यादेखत गिअर हेडच्या बाजूचा ग्रीसचा बोल्ट काढला, आत आगकाडी घालून फिरवली आणि बाहेर काढून मला दाखवली. काडीला ग्रीसचा डागसुद्धा नव्हता. टोकाला करड्या रंगाची भुकटी तेवढी लागली होती, झिजलेल्या दात्यांची. त्याचा फोटो पुतण्याने तिथेच काढला, तोही जोडला आहे. आपल्याच पुस्तिकेत दर २५ तासांनी ग्रीस भरा असे छापले आहे. मशीन आठ तासही धड चालले नाही, तर पहिले ग्रीस भरायची जबाबदारी कोणाची? ते कारखान्यातच भरलेले हवे होते. नळीतल्या शाफ्टने फिरणारी ती दोन चाके कोरडी एकमेकांवर घासली की तापतात आणि दाते झडतात, हे आपल्या माणसांना मी सांगायला नको.

त्यानंतर मशीन सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला एसटीने घेऊन गेले. त्यांनी ते १९ दिवस ठेवून घेतले. मी चार वेळा फोन केला, प्रत्येक वेळी ‘उद्या सांगतो’. शेवटी सांगितले की वापर व्यावसायिक आहे, वॉरंटी लागू नाही, गिअर हेडचे ३,२०० रुपये भरा. मी ‘रानासाठी’ म्हणाले, एवढ्यावरून हा निष्कर्ष! मशीनच्या खोक्यावर आपणच शेतातल्या माणसाचे चित्र छापले आहे. मी ना भाड्याने मशीन देते, ना गवत विकते. घराभोवती वीस केशर आंबे, बारा सीताफळे आणि बांधाला आठ चिंचा लावायच्या आहेत. आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तूसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यावसायिक वापरात मोडत नाही.

पैशांपेक्षा जास्त नुकसान वेळेचे झाले आहे, आणि ते कोणी भरून देऊ शकत नाही. ज्वारी निघाली की पाडव्यापर्यंत रान साफ करायचे, तीन बाय तीन फुटांचे खड्डे घ्यायचे, ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यायचे म्हणजे मातीतले किडे आणि बुरशी मरते, मग शेणखत घालून भरायचे आणि पाऊस झाला की रोपे लावायची, असा आमचा हिशोब होता. पाडवा ३० मार्चला झाला, तेव्हा मशीन आपल्याकडे पडून होते. मग दोन गडी लावून सहा दिवस कोयत्याने साफसफाई केली, ५०० रुपये रोजाने ६,००० रुपये गेले. एप्रिलमध्ये सोलापूरचे ऊन चाळिशीच्या पुढे असते, सकाळी सहाला आलेला माणूस दहाच्या पुढे रानात थांबू शकत नाही. आजच्या तारखेला चाळीसपैकी पंचवीसच खड्डे झाले आहेत. ७-८ जूनला मृग निघेल. उरलेले पंधरा खड्डे किती तापतील हे सांगता येत नाही, आणि रोपे तर मी आगाऊ पैसे देऊन नर्सरीत सांगून ठेवली आहेत.

तरी गिअर हेड विनामूल्य बदलून, ग्रीस भरून, चालवून दाखवून मशीन ३१ मेपर्यंत माझ्या घरी पोहोच करावे आणि मजुरीचे ६,००० रुपये द्यावेत. पावसानंतर गाजरगवत फुलोऱ्यात येण्याआधी कापावे लागते, त्यामुळे मला मशीनच हवे आहे, पैसे परत नकोत. ३१ मेपर्यंत काही झाले नाही तर मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि मी राहते त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, याची चौकशी मी केली आहे.

मशीन ५ एप्रिलला दुरुस्तीविना परत आणले, तेव्हापासून ते गोठ्यात झाकून ठेवले आहे. कोणी हात लावलेला नाही. आपला माणूस तपासायला येणार असेल तर एक दिवस आधी कळवावे, म्हणजे दुकानातल्या मेकॅनिकलाही बोलावून ठेवता येईल.

आपली ग्राहक,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरची पावती यांच्या झेरॉक्स, गिअर हेडचे दोन फोटो