कंबर धरली, पक्या

कोल्हापूर, रविवार

प्रिय पक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईची शुगर आटोक्यात आहे, पोरगं पास झालंय. दिवाळीपासून मी तुझ्या फोनची वाट बघतोय आणि तू माझ्या, हे आपलं जुनंच. पण हे फोनवर बोलायचं म्हटलं तर तू मध्येच विषय बदलशील, म्हणून ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. उभ्यानं, कारण बसलो की थोड्या वेळात कमरेतून कळ निघते.

माझी कंबर धरली. अण्णांची धरली होती तिथंच, डाव्या अंगाला, पट्ट्याच्या जरा वर.

जिममध्ये डेडलिफ्ट मारत होतो. शेजारी उभं असलेलं पोरगं म्हणालं, "काका, अजून एक होईल." काका म्हटल्यावर कोण थांबतोय? बार गुडघ्यापर्यंत आला आणि आत काहीतरी खटकन सरकलं. आता तू म्हणशील, तालमीतले जोर सोडून लोखंडाच्या नादी कशाला लागलास. ते भांडण नंतर करू. जोर मारून मारून खांदा कुणाचा गेला तेही तेव्हाच काढू.

घरात लगेच दवाखाना उघडला. आईनं निर्गुडीचा पाला शेकून बांधला, शेजारच्या काकूंनी कमरेचा पट्टा आणून दिला. मेव्हणा म्हणाला, गादी काढा आणि फळी टाका. फळी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. का ते तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. आपल्या पोरींच्या वयाची मुलगी. तिनं आधी भलतंच विचारलं: लघवीवर ताबा आहे का, बसायची जागा किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर झालीय का, पायातला जोर कमी झालाय का, ताप आहे का. यातलं काही असतं तर थेट हॉस्पिटलात पाठवणार होती. काहीच नव्हतं. मग म्हणाली, स्नायू दुखावलाय, काही आठवड्यांत बरं होईल, पण पडून राहायचं नाही. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

सध्या असं चाललंय. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. उताणं झोपताना गुडघ्यांखाली लोड, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन अंग उचलायचं. सरळ उठायला गेलो की आई देवघरातून ओरडते. तासातासानं गॅलरीत फेऱ्या. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, तेही कळ पायाकडं उतरत नसेल तरच.

ती म्हणाली, झोपून राहायचं खूळ मोडायला फार वर्षं लागली. १९९५ साली फिनलंडमधला एक अभ्यास छापून आला. काही लोकांना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सांगितलं, झेपेल तशी रोजची कामं करा. सगळ्यात लवकर बरे झाले ते शेवटचे. आणि पक्या, ही माणसं कोण होती माहीत आहे? हेलसिंकी महापालिकेचे कर्मचारी! तुझेच भाऊबंद. कंबर दुखत असताना महापालिकेच्या माणसाला कामावर पाठवायचं आणि तो बरा होऊन दाखवतो, हे नाशकात कुणाला सांगू नकोस.

हसून झालं की खालचं वाच.

१९८९ साली अण्णांना फळीवर झोपवलं. पायाला वजनं बांधली, भिंतीकडं तोंड. तीन महिने. त्याच्या आदल्या संध्याकाळी तुला बोलावलं होतं, कारण तू पायाळू, पायाकडून जन्मलेला. आख्ख्या पेठेत कुणाला उसण भरली की तुझी लाथ, आणि लाथेमागं एक वडा घ्यायचास, हलकट. अण्णा भिंतीला हात टेकून उभे होते. तू पाय नुसता लावलास. मी शेजारी होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सकाळी अण्णांना उठता येईना, आणि तेव्हापासून तू आमच्याकडं आलास की बाहेरच्या खोलीतच बसायचास. त्यांच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर "माझ्यामुळं" एवढंच म्हणालास. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

मी त्या मुलीला विचारलं. आधी ती हसली. मग म्हणाली, दुखावलेला स्नायू दुसऱ्या सकाळी जास्तच आखडतो, कुणी लाथ मारो न मारो. आणि तीन महिने निजवलं तर पैलवानाच्याही पाठीचे स्नायू झिजतात. अण्णांना बघितल्याशिवाय ठाम सांगणार नाही, असंही म्हणाली. ते मी लपवत नाही, नाहीतर तू म्हणशील बरं वाटावं म्हणून लिहिलंय. पण माझी कंबरही दुसऱ्या सकाळीच जाम झाली होती, आणि मला कुणी लाथ मारली नव्हती.

माझी काळजी वेगळीच आहे. फळीवरून उठल्यावर अण्णा परत कधी वाकलेच नाहीत. चपला पायानं सरकवायचे, पेपर खाली पडला तर आईला हाक मारायचे. तालमीच्या दारापर्यंत जायचे आणि तिथूनच परत फिरायचे. काल मोरीत साबण पडला, तर मी तो पायाच्या बोटांत धरून उचलला. ही गुडघा वाकवायची तऱ्हा मला कुणी शिकवली नाही रे. तुझी वहिनी दारातून बघत होती, काही बोलली नाही. फिजिओ म्हणते, वाकायची भीती धरली तर पाठ आणखी आखडते, रोज थोडं वाकायचंच. तिला सांगायला काय जातंय.

वहिनींची बदली झाली का? सोनूचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हणावं. तुझ्या गच्चीची गळती थांबली असेल असं धरून चालतो. पाणीपुरवठ्यात असून स्वतःच्या घरात पाणी गळतंय, कमाल आहे तुझी.

पुढच्या महिन्यात ये. तोवर जोतिबाच्या पायऱ्या चढण्याइतका झालेला असेन, असा अंदाज आहे. फोन नऊनंतर कर.

तुझा,
बाळ्या

ता. क. आई म्हणते, पक्याला बोलव, एक लाथ घालून जाईल. वड्याचा भाव काय लावणार ते आधी कळव.