तक्रार: बाकी 12,700 रुपयांची वसुली आणि घरच्यांना येणारे फोन

प्रति,
तक्रार विभाग / कस्टमर सपोर्ट

विषय: टोटल रन्सच्या स्प्रेड बेटमधे माहिती लपवणे, वसुलीचे फोन बंद करणे

नमस्कार,

मी दारव्हा तालुक्यातून (जि. यवतमाळ) लिहितोय. 15 एप्रिल 2024 ला बंगळुरू-हैदराबाद मॅच होती, त्यात तुमच्या अ‍ॅपवर दोन्ही टीमच्या मिळून एकूण रन्सचा कोट (भाव) होता 372-380, म्हणजे रन कमी होतील वाटलं तर 372 ला सेल करायचं, जास्त होतील वाटलं तर 380 ला बाय. इतके रन होणार नाहीत असं वाटलं म्हणून 372 ला सेल केलं, रक्कम टाकली 100. खात्यात हरभऱ्याच्या चुकाऱ्यातले 5,000 होते. आता तुमची माणसं म्हणून राहिली की 17,700 चा लॉस झाला, 5,000 कापले, उरलेले 12,700 भरा.

तुमची मराठी जाहिरात मी परत परत पाहिली. "फक्त 100 रुपयांपासून खेळा" एवढंच आहे त्यात. हे 100 एका रनामागे आहेत हे कुठंच नाही, ना जाहिरातीत ना त्या हिरव्या बटणावर. साध्या ओव्हर-अंडरमधे, म्हणजे रन ठरलेल्या आकड्याच्या वर की खाली या बेटमधे, अंदाज हुकला तर लावलेले 100 जातात आणि विषय संपतो, इथं मात्र जितके रन जास्त तितके वेळा 100 द्यायचे. हैदराबादनं 287 केले, हेडची सेंच्युरी 39 बॉलमधे, मग बंगळुरूनं 262, बेरीज 549. 549 मधून 372 गेले की 177, गुणिले शंभर. हिशोब बरोबर आहे तुमचा, पण तो मॅच संपल्यावर दाखवला, बटण दाबायच्या आधी काहून नाही दाखवला?

कोटमधल्या 8 रनांच्या फरकाचंही तेच. समजा बेरीज 376 झाली असती तर 372 ला विकणारा 4 रन हरला आणि 380 ला घेणाराही 4 रन हरला, दोघांचेही 400-400 गेले. म्हणजे तुमची कमाई त्या फरकातच आहे, हे साध्या मराठीत एका ओळीत सांगता आलं असतं.

सगळ्यात राग याचा आहे की मी बाहेर पडायला पाहत होतो. पहिल्या इनिंगमधे कोट वर चढला तेव्हा त्या भावात बाय करून लॉस तिथंच थांबवायचा होता, क्लोज बटण दाबलं की "मार्केट सस्पेंड" येई, दर सिक्सला तेच, आणि हैदराबादनं तर त्या इनिंगमधे 22 सिक्स मारले! परत चालू होईपर्यंत भाव आणखी वर. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरवलेल्या लॉसला सौदा आपोआप बंद करायची सोय, तुमच्या अ‍ॅपमधे नाहीच, म्हणजे लॉसला छत नाही आणि बाहेर जायचं दार तुमच्या हातात. इंग्लंडमधे हा धंदा उघड चालतो पण तिथं तो फरकाचा करार (भावातल्या फरकावर पैसे देण्या-घेण्याचा आर्थिक सौदा) धरून एफसीए या तिथल्या आर्थिक नियामक संस्थेच्या देखरेखीत ठेवलाय, साध्या बेटिंगसारखा मोकळा नाही सोडला.

आता फोनचं. तुमचा माणूस माझ्या बाबांना फोन करून राहिला, ते वखर धरून वावरात असतात, त्यांना म्हणतो तुमच्या पोरावर केस करू. कशाच्या जोरावर? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 30 वाचा, पैजेचा करार रद्दबातल आहे आणि जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. बाबांचा नंबर मी तुम्हाला दिलेलाच नाही, तो माझ्या फोनच्या काँटॅक्टमधून घेतला हे वेगळं सांगायला नको.

5,000 गेले ते गेले, ते मी मागत नाही. 12,700 ची बाकी शून्य करा, तसं लेखी ई-मेलवर पाठवा, माझं खातं बंद करा आणि माझ्या काँटॅक्टमधले सगळे नंबर तुमच्याकडून काढून टाका. जाहिरातीत "एका रनामागे" हे शब्द 100 च्याच आकाराच्या अक्षरात टाका, कारण आमच्या गावात पानठेल्यावर बसून हेच अ‍ॅप पाहणारी पोरं आहेत आणि त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही. बाबांना परत एक जरी फोन आला तर कॉल रेकॉर्डिंग घेऊन मी पोलीस स्टेशनला जाणार आहे, रेकॉर्डिंग माझ्याकडं आहेत.

आपला ग्राहक,
दारव्हा तालुका
(खाते नंबर ई-मेलच्या विषयात दिला आहे)