तुमच्या नकाशात आमचा मुलगा झोपलाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जगाच्या कामाचा आणि झोपेचा रंगीत नकाशा बघितला. छान आहे, मेहनत दिसते. पण आपल्या रात्री दोनचं जे चित्र दिलंय त्यात अख्खा भारत गडद निळा, म्हणजे ढाराढूर. कुणाला विचारून रंगवलंत? तुमचा अंक छापणारी माणसं तरी तेव्हा झोपलेली असतात का? आमच्या मागच्या खोलीत दोनला ट्यूब चालू असते, मुलगा हेडफोन लावून अमेरिकेशी बोलत असतो आणि मी पाणी प्यायला उठले तर फ्रीजचं दारसुद्धा हळू लावायचं, कारण म्हणे आवाज तिकडे जातो.

कॅलिफोर्नियातले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात की तोच कॉल साडेअकराला, ते थेट मार्चपर्यंत. आपण घड्याळाला हातही लावत नाही, तरी आमच्या घरातली रात्र सरकते! एका वर्षी दिवाळी नेमकी त्यानंतर आली. नरकचतुर्दशीला पहाटे मी उटणं कालवून पाट मांडून बसलेली आणि हा लॅपटॉप मिटून थेट पाटावर. कारीट फोडलं, अर्धी चकली तोंडात टाकली आणि गेला झोपायला. दुपारी दोनला उठून विचारतो, आई, फराळाला बसायचं ना? ह्याला कुठला रंग देणार तुम्ही?

शिवाय नेपाळ आपल्या 15 मिनिटं पुढे आहे, त्यालाही आपल्याच पट्ट्यात कोंबलंय. पंधरा मिनिटांनी काय बिघडतं म्हणाल, तर 1906 ला देशाची एक वेळ ठरल्यावरही 39 मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम मुंबईत 1955 पर्यंत चालत होता. आमचे सासरे गिरगावातले, ते सांगायचे की कुणी वेळ दिली की आधी विचारायचं, कुठल्या घड्याळाने?

आणि झोपेचा विषय काढलाच आहे तर आमच्या भागातल्या घंटागाडीचंही बघा. सकाळी साडेसातला खिडकीखाली उभी राहून कचऱ्याचं गाणं फुल आवाजात, तेही दहा-दहा मिनिटं, आणि ह्याचा तेव्हा जेमतेम डोळा लागलेला. दोनदा लेखी तक्रार दिली, ढिम्म. त्याची एक बातमी छापा, रंगीत नसली तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक