अमेरिकेच्या दक्षिणेतली रविवारची न्याहारी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकी खाणे म्हणजे बर्गर आणि पिझ्झा, असे आपल्या पुरवण्यांतून वारंवार छापून येते. सध्या मी लेकीकडे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात आहे. रविवारी अकराच्या सुमारास घराजवळच्या ‘सदर्न’ हॉटेलात ब्रंचला गेलो. चर्चमधून थेट आलेली, नटलेली कुटुंबे दाराबाहेर ताटकळत होती.

मी ग्रिट्स मागवले. जाडसर दळलेला मका मंद आचेवर शिजवून लोणी घालतात, वर परतलेली कोळंबी. आमच्या साताऱ्याकडच्या कण्यांचीच जातकुळी, फक्त ताक नाही. जॉर्जियाने २००२ साली ग्रिट्सला राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला. सोबत तळलेली भेंडी आणि चवळीची उसळ! ही दोन्ही पिके आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर इथे अमेरिकेत पोचली, आणि गोऱ्या मालकांच्या मुदपाकखान्यात ती रांधली गुलाम स्त्री-पुरुषांनीच. मेनूकार्डावर यातले अवाक्षर नव्हते. पुरवणीत तरी यावे, एवढीच विनंती.

बर्फ घातलेला, अतोनात गोड चहा सौ.ने एका घोटातच बाजूला सारला. तो मी संपवला.

आपला,
एक वाचक, सातारा (मुक्काम अटलांटा)