लक्सरहून पत्र: गेरूची दोरी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

काल फोनवर नीट बोलणंच झालं नाही, हॉटेलचं वायफाय सारखं जात होतं, आणि बाबा, तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून दोन मिनिटांत फोन आईच्या हातात दिलात. म्हणून लिहायला बसलेय. आई, हे तूच त्यांना वाचून दाखव, चष्म्याचा नंबर अजून बदलून आणला नसणार हे मला माहितीये.

इथे इजिप्तमध्ये कैरोचं काम आटपून रात्रीच्या ट्रेननं लक्सरला आले. नाईलच्या पश्चिमेच्या काठावर नुसते उघडे डोंगर, गवताची काडी नाही, आणि त्या डोंगरांच्या पोटात थडगी. राजांची बघितलीच, पण मला तुम्हाला सांगायचंय ते ती रंगवणाऱ्या माणसांबद्दल. त्यांचं गाव आहे इथे, डेर अल-मदिना, घरांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात, पण गल्ली कळते, उंबरे कळतात. राजाची थडगी खोदणारे, कोरणारे, रंगवणारे सगळे पिढ्यानपिढ्या इथेच राहायचे, बापाचं काम मुलाकडे, मुलाचं नातवाकडे. पगार धान्यात मिळायचा. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्य वेळेवर येईना तेव्हा हे लोक काम टाकून देवळापाशी जाऊन बसले, "आम्ही उपाशी आहोत" म्हणून. जगातला लेखी नोंद असलेला पहिला संप म्हणतात तो हाच. बाबा, मला तुमच्या बोर्ड रंगवायच्या धंद्यातली उधारीची वही आठवली, निवडणुकीच्या भिंती रंगवून घेऊन नंतर गायब होणारे ते सगळे.

आता खरी गोष्ट. भिंतीवर चित्र काढायच्या आधी ही माणसं काय करायची माहितीये? दोरी गेरूच्या पाण्यात बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून भिंतीला लावायची आणि मधे चिमटीत धरून सोडायची. टच्च. लाल सरळ रेघ. गाईड हे सांगत होता आणि मी तिथेच उभी राहिले, ग्रुप पुढे गेला तरी. कारण दोरीचं दुसरं टोक धरून मीच उभी असायचे ना बाबा, "ताठ धर, हलू नको, श्वास पण घेऊ नको" म्हणायचात, आणि मग आई फ्रॉकवरचे गेरूचे डाग बघून आपल्या दोघांना ओरडायची. तोच गेरू. आई, तू दिवाळीत अंगणात ज्यावर ठिपके मांडतेस तोच.

अशा आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोनांची जाळी करायची आणि त्यात माणूस बसवायचा. उभा माणूस तळपायापासून कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत १८ घरं, गुडघा सहाव्या घरावर, खांदा सोळाव्यावर. शेकडो वर्षं हेच. तोंड बाजूनं, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय परत बाजूनं. शाळेत पुस्तकात बघून मला वाटायचं यांना नीट काढताच येत नव्हतं. तसं नाहीये. ही चित्रं नुसती बघण्यासाठी नव्हती, वापरण्यासाठी होती, मेलेल्या माणसाला पुढच्या जगात भाकरी, शेत, पाणी सगळं त्यातूनच मिळणार होतं, मग एखादा हात अंगामागे लपला तर तो हात त्याला तिकडे मिळणार कसा? म्हणून प्रत्येक अवयव जिथून सगळ्यात स्पष्ट दिसतो तिथून काढायचा. आधी लाल रेघेनं कच्चं काढायचं, मग जाणत्या माणसानं काळ्या रेघेनं चुका दुरुस्त करायच्या. रामोसे नावाच्या वजिराचं थडगं अर्धवटच राहिलंय, तिथे एका भिंतीवर काही माणसं फक्त काळ्या शाईत आहेत, कोरायची राहून गेलेली. ती रेघ बघून मला भरून आलं. एका दमात ओढलेली, कुठे थरथर नाही.

त्याच भिंतीवर आणखी एक आहे. दाराच्या एका अंगाला राजा अखेनातेन जुन्या पद्धतीनं काढलाय, देखणा, ठरीव, आणि दुसऱ्या अंगाला तोच राजा लांब चेहऱ्याचा, सुटलेल्या पोटाचा, शेजारी राणी नेफरतिती, कारण मधल्या काळात राजानं चित्रांची रीतच बदलून टाकली. सगळे पर्यटक याचेच फोटो काढतात, कलेतली क्रांती वगैरे. मला मात्र ती मोठी वाटली नाही, खरं सांगते. राजानं सांगितलं म्हणून बदललं तर तोही हुकूमच झाला.

मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. नख्त म्हणून एकाचं छोटंसं थडगं आहे, तिथे खुर्चीखाली मांजर मासा खातंय, पाठ ताणून, कान टवकारून, कोणी हिसकावून घेईल म्हणून घाईत. मेन्नाच्या थडग्यात कापणी चाललीये, धान्य मोजणं चाललंय, मालक आपला जाळीत बसवल्यासारखा ताठ, आणि मधेच दोन पोरी एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, दुसरीकडे एक पोरगी मैत्रिणीच्या पायातला काटा काढतेय. रेखमिरेच्या थडग्यातल्या मेजवानीच्या चित्रात सगळ्या बायका एका बाजूनं काढलेल्या, आणि त्यात एकच दासी पेय ओतताना चक्क पाठमोरी, तिरकी वळलेली, नियमात कुठेच न बसणारी. मालकाला अनंतकाळ टिकायचं होतं म्हणून त्याला नियम सोडून चालत नव्हतं. दासी, पोरी, मांजरं यांच्याकडे तेवढं बारीक लक्ष कोण देणार, मग हात तिथे सुटायचा. ३४०० वर्षं झाली आणि त्या पोरींच्या भांडणाचा आवाज येतो भिंतीतून!

आणि सेन्नेफरच्या थडग्याचं छत. खडक खालीवर, ओबडधोबड, सपाट होईना, तर त्या माणसानं तसाच ठेवला आणि त्यावर द्राक्षाचा मांडव रंगवला, म्हणजे जिथे दगडाला फुगवटा तिथे घड लोंबल्यासारखा दिसतो. भिंत खराब आहे म्हणून रडला नाही.

बाबा, फ्लेक्स आले आणि तुम्ही ब्रश ठेवून दिले तेव्हा एकदा म्हणाला होतात, "मी कसला आर्टिस्ट, नमुना बघून अक्षरं मारायची, त्यात माझं काय." मी तेव्हा गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं माझ्याकडे. आज आहे. गिरणीचा तो बोर्ड आठवा, 'दळण कांडप केंद्र'. त्यातल्या ळ च्या दोन गोलांची तुम्ही दोन जाती केली होती, मधे खुंट्यासकट. कोणी सांगितलं होतं? गिरणीवाल्यानं एक रुपया जास्त दिला नाही. पण आम्ही पोरं दळण आणायला गेलो की आधी तो ळ बघायचो. बाकी सगळी अक्षरं तुमच्या मापात, दोरीत, एक सूत इकडेतिकडे नाही, आणि म्हणूनच तो ळ दिसायचा. तेच नख्तचं मांजर.

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये एका कारागिराचा लेख कोरलेला दगड आहे, इर्तिसेन त्याचं नाव, साधारण ४००० वर्षांपूर्वीचा. बहुतेक कारागिरांची नावंच राहिली नाहीत, यानं मात्र स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, की पुरुषाची ढब, बाईची चाल, पाणघोड्यावर भाला उगारलेला हात, धावणाऱ्याची धाव, हे सगळं मला येतं, आगीनं जळणार नाही आणि पाण्यानं धुपणार नाही असे रंग मला करता येतात, आणि हे मला आणि माझ्या थोरल्या मुलाला सोडून कोणाला ठाऊक नाही. मी हे रात्री हॉटेलवर वाचलं आणि बराच वेळ झोप लागली नाही.

थोरली तर मीच आहे बाबा. मला तुम्ही दोरी धरायला दिलीत, ब्रश कधी दिला नाहीत, "तू अभ्यास कर" म्हणालात, आणि ते माझ्या भल्यासाठीच होतं हे कळतं मला. पण आता शिकायचंय. हात थरथरतो म्हणून सांगू नका, काळी रेघ मी ओढते, तुम्ही फक्त कुठे चुकलं ते सांगा.

दिवाळीला दहा दिवस येतेय. माळ्यावरची ब्रशांची पत्र्याची पेटी भंगारात देऊ नका, आई तू पण नको देऊस, मला माहितीये तुझा डोळा आहे त्या पेटीवर. मागच्या पडवीची भिंत चुन्यानं पांढरी करून ठेवा. आणि आई, यंदा गेरू जरा जास्त आण.

तुमची,
थोरली