आकाश बघू नका, पूल बघा

पुणे, 28 मे 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

फोनवर पुराच्या तयारीचा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून पत्र लिहितेय. दोघं एकत्र बसून वाचा. आई, तू मोठ्याने वाच, म्हणजे बाबांना मधली पानं गाळता येणार नाहीत.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीला बडोद्यात पाऊस कोसळला. मंगळवारी संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "जोर कमी झालाय, आता काळजी करू नकोस." मी निर्धास्त झोपले. त्याच रात्री घरात पाणी शिरलं. तुम्ही वरच्या भाभींकडे गेलात, आणि मग बाबा पेटी आणायला पुन्हा खाली उतरले. लाइट गेलेले, मांडीएवढं पाणी, आणि आई जिन्यात टॉर्च धरून उभी. मला हे चार दिवसांनी कळलं, तेही आईच्या बोलण्यातून निसटलं म्हणून. नंतर मी आले तेव्हा पेटीचा भाता फुगून उकलला होता आणि पट्ट्यांच्या फटीत गाळ वाळून बसला होता. बाबा जुन्या टूथब्रशने एकेक पट्टी साफ करत होते. तेव्हा मला काही बोलवलं नाही. आज बोलते. बाबा, ती पेटी मलाही प्यारी आहे, तिच्यावरच तुम्ही मला सा लावायला शिकवलंत. पण त्या पाण्यात तुमचा पाय उघड्या गटारात गेला असता तर?

मांडवीजवळच्या जुन्या घरात तुमचं आयुष्य गेलं. तिथे पाणी कधी चढलं नाही, म्हणून पाऊस उघडला की संकट सरलं असा हिशेब तुमच्या अंगात मुरलाय. आत्ताच्या कारेलीबागेतल्या घरी तो चालत नाही. विश्वामित्री नदी पावागडाकडून येते. वरच्या मुलखात पडलेलं पाणी आणि आजव्याच्या तलावातून सुटलेलं पाणी शहरात पोचायला काही तास घेतं. आपल्या गच्चीवर ऊन पडलेलं असतं आणि नदी चढतच असते. तेव्हा आकाश बघू नका, काळा घोडा पुलाजवळची नदीची पातळी बघा. धोक्याची खूण 26 फुटांवर आहे. गेल्या वर्षी नदी 35 फुटांच्या वर गेली होती. पातळीचा आकडा पावसाळ्यात टीव्हीवर सारखा सांगतात. तो 20 झाला की तुम्ही दोघं वर जायचं, दिवसाउजेडी, जेवण उरकून, सामान घेऊन. वीस हा आकडा सरकारी नाही, माझा आहे. घरात पाणी आलंच नाही तर भाभींकडे एक रात्र पत्ते खेळा.

"यंदा नदीचं पात्र खोल करतायत," हे बाबा म्हणणारच. करतायत, चांगलंच आहे. पण 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा पुन्हा पडला तर नव्या पात्राला किती झेपेल, याची परीक्षा तुम्ही दोघांनी तळमजल्यावर बसून घ्यायची नाही. त्या पुरात पोलिसाने तान्ह्या बाळाला टबात घालून डोक्यावरून नेलं, तो फोटो बाबांनी सगळ्यांना वासुदेव म्हणून दाखवला होता. मलाही तो फोटो पाहून भरून आलं होतं. बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची, म्हणजे आपत्तीत बचाव करणाऱ्या केंद्रीय दलाची, तुकडी आहे, तीही धावून येते. पण सगळं शहर बुडालेलं असताना एक होडी आपल्या गल्लीत कधी पोचेल ते कोण सांगणार?

वर जाताना मेन स्विच बंद करा, पण पाय कोरडे असतील तरच. फरशी ओली झाली असेल तर त्या स्विचला हात लावायचा नाही, तसंच निघायचं. आईचं इन्सुलिन आधी घ्या, मग बाकी सगळं. लाइट गेले की फ्रिजचा उपयोग नाही. मातीच्या भांड्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, सावलीत ठेवा. ते भांडं मी घेऊन येतेय. रेशन कार्ड, बँकेची पासबुकं, आईची फाइल हे सगळं मोठ्या झिपच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आत्ताच ठेवून द्या.

पाणी ओसरल्यावर आईला घर धुवायची घाई होते. आई, ऐक. गेल्या वर्षी लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या होत्या. जिन्याखाली, कुंड्यांमागे काठी आणि उजेड घेऊन आधी कुणीतरी तरुण माणूस बघेल, मग तू उतर. दिसलीच तर दगड मारू नका, दार लावून घ्या आणि वनखात्याला कळवा. जमिनीतल्या टाकीचं पाणी उपसून, धुऊन, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय वापरायचं नाही, आणि प्यायचं पाणी उकळूनच. बाबांच्या टाचेला भेगा आहेत, त्यांनी अनवाणी गाळात पाय घालायचा नाही. नंतर ताप आला तर "भिजलो म्हणून" असं म्हणून अंगावर काढू नका, पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाबा, रागावू नका, पण मी तुम्हाला न विचारता भाभींशी बोलले. त्यांच्या आतल्या खोलीत खिडकीखालची जागा त्यांनी रिकामी केली आहे. मी 7 जूनला सकाळी पोचते. त्या दिवशी आपण पेटी वर नेऊ, आणि ती दिवाळीपर्यंत तिथेच राहील. तुम्ही रोज संध्याकाळी वर जाऊन वाजवा. भाभींना भजनं आवडतात.

तुमची,
मनू