तीन होड्यांना ‘नको’ म्हणणाऱ्या काकांना

काका,

सा. न.

परवा धक्क्यावर मी आभार मानायला लागले तेव्हा तुम्ही हात झटकून म्हणालात, “माझे कसले आभार? लिहूचाच आसा तर चार लोकांच्या उपयोगाचा लिही.” म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. अमेरिकेत राहणारी आपली बरीच माणसं हल्ली शिडाच्या होड्यांकडे वळतायत आणि माझ्यासारखीच आधी चुकीची होडी शोधायला निघतात.

माझं डोंबिवलीचं बालपण तुम्हाला माहीत आहे. पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळी दीड तास. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या अलमेडाला आल्यावर ऑफिसातल्या एकाने शुक्रवारच्या संध्याकाळच्या शर्यतीला हौशी खलाशी म्हणून नेलं. मी दोरी ओढायची, ओरडा खायचा आणि घरी येऊन नवऱ्याला त्याच गोष्टी तीनदा सांगायच्या, असं दोन वर्षं चाललं. मग डोक्यात किडा शिरला की आपली स्वतःची होडी हवी. बजेट पाच हजार डॉलर. क्लबातल्या गणपतीत (हो, एका होडीच्या केबिनमध्ये आपण दीड दिवसाचा बसवतो) तुमची ओळख झाली. जहाजावर तीस वर्षं इंजिनं सांभाळलेला मालवणचा माणूस म्हटल्यावर मी लगेच पदर पसरला.

पहिली होडी पाहायला आपण गेलो ती कॅटलिना-२७. मालकाचा एजंट म्हणाला, “थोडं वरवरचं काम आहे, बाकी एकदम फिट.” मी आतले निळे पडदे आणि चहाची शेगडी बघून भाळलेच होते. तुम्ही पडद्यांकडे पाहिलंही नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलात, उलटा धरलात आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक वाजवायला लागलात, बाजारात नारळ वाजवून घ्यावा तसे. टक, टक, टक. डोलकाठीपासून हातभर पुढे गेल्यावर एकदम थप्प. “ह्यो आवाज आयक,” तुम्ही म्हणालात. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं लाकूड भरलेलं असतं. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरलं की ते लाकूड कुजतं, आणि वरून डेक चकचकीतच दिसतो. मग तुम्ही जमिनीवर जवळजवळ आडवे झालात आणि कील, म्हणजे होडीखालचा वजनदार पंख, जिथे होडीच्या पोटाला जोडते तिथली आडवी भेग दाखवलीत. या जुन्या कॅटलिनांच्या त्या भेगेला इथले लोक ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. होडी हसते आणि खिसा रडतो. एजंट त्यालाही वरवरचं काम म्हणाला. तुम्ही त्याला अगदी गोड आवाजात “थँक यू” म्हणालात आणि मला म्हणालात, “चल, चाय पिऊया.”

दुसरी होती जे-२४. तिच्यासाठी मी तुमच्याशी भांडलेच. १९७०च्या दशकात रॉड जॉनस्टन यांनी पहिली होडी स्वतःच्या गॅरेजात बांधली. पुढे जगभर पाच हजारांहून जास्त झाल्या. जुनी जे-२४ ट्रेलरसकट साडेतीन हजारांत मिळत होती. वेगवान, नावाजलेली, आणखी काय हवं? तेव्हा तुम्ही इंडियन स्टोअरच्या बिलामागे पेन्सिलीने जे लिहिलंत ते बिल मी अजून ठेवलंय.

ज्यांना हे गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लबच्या शर्यतीत एकाच वेळी नाना जातीच्या होड्या धावतात, म्हणून प्रत्येकीला पीएचआरएफ नावाच्या पद्धतीने एक आकडा दिलेला असतो. आकडा म्हणजे दर सागरी मैलामागे मिळणारी सेकंदांची सवलत. होडी जितकी संथ, तितका आकडा मोठा. जे-२४ चा आकडा साधारण १७०च्या आसपास, छोट्या कॅल-२० चा २७०च्या आसपास, भागाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पाच मैलांची शर्यत असेल तर फरक पाचशे सेकंदांचा, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. जे-२४ तेवढ्या वेळापेक्षा कमी अंतराने पुढे आली, तर मागाहून डुलत येणारी कॅल-२० जिंकते.

“म्हणजे वेगाचे पैसे देऊन काही उपयोगच नाही?” मी विचारलं. तुमचं उत्तर मला तेव्हा अर्धंच कळलं. आकडा देताना असं गृहीत धरतात की होडी शर्यतीला तयार आहे, तळ गुळगुळीत आहे, शिडं धड आहेत, माणसं हुशार आहेत. होडीचा आकडा विकत मिळतो, बाकीचं मिळत नाही. शिवाय जे-२४ नीट पळवायला पाच माणसं लागतात आणि दर शुक्रवारी पाचला पाच माणसं कुठून आणणार? माझ्याकडे नक्की येणारी माणसं दोन. त्यातला एक नवरा, आणि त्याला बोट लागते.

तिसऱ्या होडीची गोष्ट लांबवत नाही. तीस फुटी होती, फुकट मिळत होती. तुम्ही केबिनचं दार उघडलंत, वास घेतलात, दार लावलंत. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालात की फुकट हत्ती आणला तरी त्याला ऊस आपल्यालाच घालायचा. धक्क्याचं भाडं फुटावर ठरतं, तळाचा रंग फुटावर, शिडांची किंमत तर फुटामागे भराभर चढते.

आणि मग मार्चमध्ये ती कॅल-२० सापडली. बिल लॅपवर्थ यांनी आखलेली, १९६१ पासून बनत गेलेली ही जात. आमची होडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. एकूण वजन १,९५० पौंड, त्यातलं ९०० पौंड एकट्या कीलमध्ये. म्हणजे जवळजवळ निम्मी होडी पाण्याखाली लोखंड होऊन लटकलेली. इथे उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर चढते आणि गोल्डन गेटमधून समुद्राचा गार वारा आत ओढला जातो. दुपारी वीस-पंचवीस नॉट (ताशी सागरी मैल) सहज असतो. त्या वाऱ्यात ही ठेंगू होडी हट्टी म्हशीसारखी सरळ चालते. पुढचं शीड लहान, दोन माणसांत आवरतं. स्क्रूड्रायव्हर सगळीकडे टक टकच बोलला. कीलच्या बोल्टांवर थोडा गंज होता, तो तुम्ही नखाने खरवडून पाहिलात आणि मान डोलावलीत. अठ्ठावीसशे डॉलर.

पण शिडं बघितल्यावर मात्र तुम्ही हसलात. मोठं शीड माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, “कसा लागता?” मला ते आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीसारखं लागलं. मी कौतुकानेच म्हणाले तसं. तुम्ही म्हणालात, अंगाशी मऊ लागणारं लुगडं चांगलं, शीड नव्हे. डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाचं, शीड हातात कागदासारखं करकरलं पाहिजे. मऊ पडलं की वाऱ्यात त्याचा फुगवटा मागे सरकतो, होडी कलते जास्त आणि पुढे जाते कमी. आणि मग ते वाक्य, जे आता आमच्या फ्रिजवर चिकटवलंय: “पैसे पाण्यात घालूचेच आसत तर शिडार घाल, होडयेर नको.”

उरलेले बावीसशे डॉलर तसेच गेले. नवं मोठं शीड आणि एकदाच वापरलेलं पुढचं शीड. तळ घासायला मात्र पैसे दिले नाहीत. तीन शनिवार तुम्ही आणि मी पॉलिशपेपर घेऊन होडीखाली बसलो होतो. तुम्ही सत्तरीपुढचे. माझ्याच मानेला कळ यायची. दुपारी काकी डबा घेऊन यायच्या, बांगड्याचं तिकलं आणि भात. बोटयार्डातली माणसं वासाने वळून बघायची, त्यातला एक तर दुसऱ्या शनिवारी ताट घेऊनच आला. निळ्या धुळीने माखलेल्या हातांनी तुम्ही त्याला वाढत होतात, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता निकाल. पहिल्या मोसमात आम्ही मोठं रंगीत स्पिनेकर शीड नसलेल्या गटात धावलो, तुमच्याच सांगण्यावरून. पहिल्या चार शर्यतींत शेवटून पहिल्या. पाचव्या शर्यतीला वारा कडक होता. सुटताना सगळ्यात मागे, पण वेळेचा हिशोब झाल्यावर तिसरा नंबर. जोराच्या वाऱ्यात सगळ्याच होड्या आपापल्या कमाल वेगाला लागतात, शर्यत लवकर संपते आणि मैलामागची सवलत संथ होडीला फळते. हे बिलामागे लिहिलेलं होतंच. कळायला पाचवी शर्यत लागली.

याच्या उलटं ऑगस्टात झालं, तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही. परतीला वारा पडला, ओहोटी समोरून. तुम्ही आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतंत की काठ धर, उथळात ओढ कमी असते, मालवणात लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मी मधूनच चालले, कारण समोरची मोठी होडी मधून चालली होती. तिचा वेग ओहोटी कापण्याएवढा होता. माझा नव्हता. पाऊण तास शेजारच्या ओकलंडच्या बंदरातली तीच पांढरी क्रेन शेजारी उभी. सवलत मैलांवर मिळते, पाण्यात उभं राहिलेल्या मिनिटांवर नाही. काठावर तुम्ही उभे होतात. काहीच बोलला नाहीत, नुसता दोर पकडलात. ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

काका, होडी मिळवून दिल्याचे आभार मानायचेच आहेत. पण जास्त आभार त्या तीन ‘नको’ साठी. प्रत्येक वेळी मी तोंड पाडून घरी आले आणि प्रत्येक वेळी तुम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी काढलीत. स्वतःचं पेट्रोल, स्वतःचा दिवस. मला हो म्हणणारे पुष्कळ भेटले होते. त्यांतल्या एकाकडेही स्क्रूड्रायव्हर नव्हता.

तो स्क्रूड्रायव्हर माझ्याच होडीत राहिलाय, पुढच्या खणात. शुक्रवारी देते. सव्वापाचला धक्का सोडायचाय आणि नवऱ्याने सर्दीचं कारण सांगितलंय, तेव्हा पुढच्या शिडाचा दोर तुमच्याकडे. काकींना म्हणावं सोलकढी आणा, थर्मास मी आणते.

तुमची,
डोंबिवलीकर